नथूने उभारलेली गुढी

ही गोष्ट मला नीट आठवते असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. गावाचं नाव पिंपळदरा होतं की पिंपळवाडी, याचा घोळ माझ्या डोक्यात अजून आहे. नथूची सासुरवाडी दोन कोसांवर होती की अडीच, तेही पक्कं नाही. माझ्या आत्याने गोष्ट सांगितली तेव्हा मी सात वर्षांचा असेन, आणि सांगताना ती इतकी हसायची की निम्मे शब्द पदरातच राहायचे. तेव्हा कुठे चुकलं तर दोष माझ्या कानांचा धरावा.

तर त्या गावात एक भोळा बाप होता. त्याला शेत होतं, बैल होते, पण या गोष्टीत त्यांचं काम नाही. गोष्टीपुरता तो बापच. नाव नथू. मोठी मुलगी मंजी सहा वर्षांची, मुलगा दगडू तीन वर्षांचा. बायको भागू तिसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, आणि तिला मुलगी झाली होती.

नथू आळशी नव्हता, विसराळूही नव्हता. त्याला सांगितलेलं सगळं लक्षात राहायचं. तीच अडचण होती. एखादी गोष्ट शिकला की ती वाया जाऊ नये असं त्याला फार वाटे. मग दारात पुढचं जे काही येईल, त्याला तो ती लागू करी.

सासऱ्याचं नाव केरोबा. उंच, सडसडीत, ताठ माणूस. कुणापुढे वाकलेलं त्याला कुणी पाहिलं नव्हतं. रीतीभातींचा भारी काटेकोर. नथू बाळाला बघायला गेला, तेव्हा केरोबाने त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि सांगितलं, "जावईबापू, पाडव्याला सव्वा महिना पुरा होतो. तोवर ही दोन पोरं धड सांभाळून दाखवा. मग लेक आणि नात पाठवतो. नाहीतर ही दोघंही इकडे घेऊन येतो. तुमच्या भरवशावर तीन तीन लेकरं मी ठेवायचा नाही."

नथूने लांबूनच बाळाची मूठ पाहिली. घरी आला, तुळईला टांगलेल्या रिकाम्या पाळण्यावरची धूळ पुसली, आणि मनाशी ठरवलं की आता एकही चूक करायची नाही.

होळी दोन दिवसांवर होती. थंडी सरली होती, पळस पेटला होता. माहेरी जाताना भागूने बजावलं होतं की ऊन तापायला लागलं की पोरांच्या गोधड्या खळखळून धुवा आणि कडकडीत वाळवा. नथूने गोधड्या धुतल्या. वाळवल्या. अगदी बरोबर झालं. त्याला हुरूप आला.

तेवढ्यात शेजारची सगुणाकाकू दारात आली. पोरांना होळीसाठी म्हणून तिने साखरेची गाठी आणली होती. पांढरीशुभ्र, मोठाल्या पदकांची. नथूने ती घेतली, नदीवर नेली आणि खळखळून धुतली. मग जो काही दोरा हाती उरला तो उन्हात कडकडीत वाळवला.

मंजीने विचारलं, "बा, गाठी कुठंय?"

"धुतली."

"मग ती कुठंय?"

नथूने नदीकडे बोट दाखवलं. मंजी रडली. दगडू रडला नाही. तो दोरा चोखत बसला होता.

नथूने दगडूला खांद्यावर घेतलं, मंजीला बोटाशी धरलं आणि सासुरवाडी गाठली. केरोबा मळ्यात गेला होता, म्हणून भागूशी दारातून चार शब्द बोलता आले. भागूने सगळं ऐकून घेतलं. रागवावं की हसावं ते तिला ठरवता येईना. तिने समजावलं, "अहो, अशी वस्तू आली की सुतळीने गळ्यात बांधायची. आणि मग घरोघर जाऊन मोठ्या माणसांच्या पाया पडून यायचं."

"गळ्यात बांधायची, पाया पडायचं," नथू म्हणाला. परत येताना वाटभर हेच घोकत आला.

होळी झाली. उन्हाळा लागायच्या आत नवा माठ हवा, म्हणून कुंभाराला सांगून ठेवलं होतं. कुंभार माठ दारात ठेवून गेला. लालबुंद, फुगीर पोटाचा, दोन घागरी पाणी मावेल एवढा. नथूने सुतळी आणली. आधी त्याने माठ मंजीच्या गळ्यात बांधायचा विचार केला, पण माठ मंजीपेक्षा मोठा होता, आणि लेकरांना जपायला हवं हे नथूला कळत होतं. म्हणून त्याने तो स्वतःच्या गळ्यात बांधला. पोरांना घेऊन घरोघर निघाला.

पहिलंच घर सगुणाकाकूचं. काकूचा म्हातारा नवरा ओट्यावर बसला होता. नथू पाया पडायला वाकला. माठ त्याच्या आधी पाया पडला.

म्हाताऱ्याचा अंगठा आठ दिवस सुजलेला होता. खापऱ्या मात्र मंजी आणि दगडूला भातुकलीला पुरल्या.

पुन्हा दोन कोस. आंब्याचा मोहोर गळून बाळकैऱ्या धरल्या होत्या, त्या वेचत पोरं मजेत चालली होती. नथूचं लक्ष नव्हतं. पाडव्याला दहा दिवस उरले होते. भागूने या वेळी जरा सावकाश सांगितलं. "ते असं गळ्यात घालून हिंडवायचं नसतं. सावलीत ओली वाळू पसरायची. तिच्यावर बसवायचं. काठोकाठ पाणी भरायचं. भोवती ओलं फडकं गुंडाळायचं, आणि वर झाकण ठेवायचं. कळलं?"

"कळलं," नथू म्हणाला. आणि खरंच, त्याला सगळं कळलं होतं.

घरी येऊन त्याने लिंबाच्या सावलीत वाळू पसरली, भिजवली आणि वाट बघत बसला. माठ काही आला नाही. केरोबा आला.

पोरं कशी आहेत ते बघायला तो अचानक आला होता. भर उन्हातून चालत आल्याने घामाघूम झाला होता. नथूने त्याला आदराने हाताला धरून सावलीत नेलं आणि वाळूवर बसवलं. केरोबाला बुडाखाली गार लागलं, पण इतकं चालल्यावर ते त्याला बरंच वाटलं. नथूने तांब्याभर पाणी दिलं. केरोबा प्याला. दुसरा तांब्या दिला. तोही प्याला. जावई सुधारला म्हणायचा, असं त्याच्या मनात येतंय तोवर पाचवा तांब्या पुढे आला.

"पुरे, जावईबापू. घशाशी आलं."

"मामा, काठ अजून वर आहे," नथू नम्रपणे म्हणाला.

सातव्या तांब्यानंतर केरोबाला बोलता येईना. नथूने ओलं धोतर त्याच्याभोवती मानेपासून पायापर्यंत गुंडाळलं आणि डोक्यावर मातीची झाकणी ठेवली. मंजीने आठवणीने ओगराळं आणून आजोबांच्या खांद्याला अडकवलं. दगडू ते घेऊन पाणी काढायला बघत होता.

केरोबा शिंकला तेव्हा झाकणी फुटली. तो उठला, धोतर सोडलं, आणि शिंकांच्या मधूनमधून म्हणाला, "पाडव्याला सकाळी येतो. दोन्ही पोरं घेऊन जातो. लेक माझी माझ्याकडेच राहील." आणि पचपच आवाज करत निघून गेला.

त्या दिवशी त्याने पाळणा दोनदा पुसला. दुसऱ्या दिवशी केरोबा देवळात गेलाय असं बघून तो मागच्या दाराने भागूला भेटला. भागूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिलाही आपलं घर हवं होतं, आपली पोरं हवी होती, आणि का कोण जाणे, हा माणूसही हवा होता. तिने पदराने डोळे पुसून सांगितलं, "अहो, दारी कुणी आलं तर पाटावर बसवायचं. कपाळाला गंध लावायचं. पोटभर जेवू घालायचं. निघाले की 'राहा, राहा' म्हणून आग्रह करायचा. आणि वेशीपर्यंत पोचवायला जायचं."

पाडव्याला तीन दिवस असताना दारात वानरं आली. चांगली अकरा होती.

नथूने पाट मांडले. पाट चारच होते, म्हणून उरलेल्यांना सूप, परात, उखळ असं मिळेल ते दिलं. गंध लावायला गेला तेव्हा हुप्प्याने त्याचाच हात धरून त्याच्याच कपाळाला लावलं. पाडव्याच्या पुरणासाठी आणलेली डाळ आणि गूळ नथूने वाढला. वानरांनी पोटभर खाल्लं. मग सगुणाकाकूच्या वाळत घातलेल्या कुरडयाही खाल्ल्या. ती निघाली तेव्हा बाप आणि दोन्ही पोरं मागे लागली, "राहा हो. अजून थोडं राहा." वानरं भिडस्त नव्हती. राहिली. छपराची कौलं मोजून झाल्यावर, तिन्हीसांजेला गेली. नथू त्यांना वेशीपर्यंत पोचवून आला. इतका चांगला दिवस आयुष्यात आला नव्हता, असं मंजीचं आणि दगडूचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी नथूने जाऊन हे भागूला सांगितलं. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. भागू हुशार होती. तिच्या लक्षात आलं की आपण दर वेळी मागचं सांगतो आणि हा ते पुढच्याला लावतो. म्हणून वानरांचं काय करायचं ते तिने सांगितलंच नाही.

"आता मागचं सांगत नाही. पुढचं सांगते," ती म्हणाली. "परवा पाडवा. सूर्य उगवला की गुढी उभारायची. बांबू परसात आहे. उंच, सरळ, ताठ असतो तो. धुऊन घ्यायचा, पुसायचा, हळदकुंकवाची बोटं ओढायची. दाराच्या उजव्या अंगाला बांधायचा. वर नवं लुगडं, लिंबाचा डहाळा, गाठी, आणि टोकाला तांब्या उपडा. पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा. आणि एकदा उभारली की सूर्य बुडेपर्यंत हलवायची नाही. त्याबाबतीत आप्पा फार कडक आहेत. एवढं एक नीट करा. मी आप्पांच्या हातापाया पडेन."

नथूला इतका स्पष्ट धडा कधीच मिळाला नव्हता. भागूसाठी घेतलेलं हिरवं लुगडं त्याने काढून ठेवलं. तांब्या घासला. लिंबाला तांबूस कोवळी पालवी आली होती, तिचा डहाळा तोडला. सगुणाकाकूने, अंगठ्याचं आणि कुरडयांचं मनात न ठेवता, नवी गाठी दिली. बांबूसुद्धा त्याने परसात धुऊन ठेवला. मग पाडव्याच्या पहाटे उठून, पोरांना न्हाऊ घालून, तो दाराशी तयारीत बसला.

सूर्य उगवला. बांबू दारात आला नाही. केरोबा आला.

"आत यायचा नाही मी," केरोबा म्हणाला. "बसायचाही नाही. तुमच्या घरी बसणं मला ठाऊक झालंय. इथेच उभा राहतो. पोरांचे कपडे बांधा. तोवर माझा जप होऊ दे." आणि दाराच्या उजव्या अंगाला, खांबाला पाठ लावून, तो उंच, सरळ, ताठ उभा राहिला. त्याने माळ काढली, डोळे मिटले. सूर्योदयाचा जप सुरू झाला की एकशे आठ मणी पुरे होईपर्यंत तो डोळे उघडत नसे की शब्द काढत नसे. घराला आग लागली तरी नाही, असा त्याचा नेम होता.

नथूने त्याच्याकडे पाहिलं. खालून वर पाहिलं. मग तांब्याभर पाणी आणून त्याला धुतलं.

माळ क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. नथूने पुसलं. हळदकुंकवाची पाच पाच बोटं ओढली. दोर घेऊन खांबाला बांधलं, फार घट्ट नाही, बेताचं. खांद्यावरून हिरवं लुगडं सोडलं, डहाळा खोवला, गळ्यात गाठी घातली, आणि पाटावर चढून डोक्यावर तांब्या उपडा घातला. तांब्या भुवयांपर्यंत बसला. मंजीने पुढे रांगोळी काढली. सगुणाकाकू नैवेद्याचं ताट घेऊन आली, तिला चष्मा नव्हता, तिने फुलं वाहिली आणि वाकून नमस्कार केला.

जप संपला. केरोबाने डोळे उघडले. समोर अर्धा गाव हात जोडून उभा होता.

तो ओरडणार होता. तोंड उघडलंही होतं. नथू हात जोडून म्हणाला, "मामा, उभारलेली गुढी सूर्य बुडेपर्यंत हलत नसते."

केरोबाने तोंड मिटलं. तो नेम त्याच्याच घरचा होता. त्यासाठी त्याने सख्ख्या भावाशी भांडण केलं होतं.

दिवस चढला. नैवेद्य दाखवतात, म्हणून दाखवला, आणि मग घरच्यांनी खाल्ला. दुपारी नथू बैलांना पाणी पाजायला गेला तेव्हा मंजी पुरणपोळीचा तुकडा घेऊन पाटावर चढली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, आ करा." केरोबाने आ केला. दगडू आजोबांना बिलगून, गाठीची पदकं एकेक करून चाटत होता. चाटून चाटून दमला आणि त्यांच्या पायांना मिठी मारून झोपला. पायाला मुंग्या आल्या तरी केरोबा हलला नाही. गुढी होता म्हणून हलला नाही, की पोर जागं होईल म्हणून, ते मला सांगता येणार नाही. गावातली लोकं येत, पाया पडत. घरी केरोबाचा दरारा असा की माणसं लांबूनच नमस्कार करून सटकत. इथे लेकुरवाळ्या बाया अगदी जवळ येऊन पोरांची डोकी त्याच्या पायावर ठेवत होत्या. तिसऱ्या प्रहरी तो आशीर्वाद द्यायला लागला.

तिकडे आप्पा परतले नाहीत म्हणून भागू घाबरली. बाळाला घेऊन निघाली ती उन्हं कलताना दारात पोचली. आपलं नवं लुगडं तिने ओळखलं. मग आतला माणूस ओळखला.

"आप्पा, हे काय?"

"गप्प बस," तांब्याच्या खालून केरोबा म्हणाला. "सूर्य बुडायचाय अजून."

सूर्य बुडाला. नथूने गुढी उतरवली. केरोबाचे गुडघे दोन कोस चालण्याजोगे राहिले नव्हते, म्हणून तो रात्री तिथेच जेवला आणि तिथेच निजला. भागूने बाळाला पाळण्यात घातलं. पोरं नेण्याची गोष्ट काही निघाली नाही. सकाळी जाताना केरोबा इतकंच म्हणाला, की लुगडं पुढच्या वेळी जरा लांब घ्या.

पुढे दर पाडव्याला केरोबा पहाटे आंघोळ करून, स्वतःचा तांब्या घेऊन, नथूच्या दारात उभा राहायला यायचा. आत्या म्हणायची, सलग अकरा वर्षं. मला ते कधी खरं वाटलं नाही. पुष्कळ वर्षांनी एका लग्नात मंजीची गाठ पडली, तेव्हा ती सत्तरीची होती. मी भीत भीत तिला विचारलं. तिने बोटांवर मोजून सांगितलं की अकरा नव्हे, चौदा. त्यातल्या एका वर्षी आजोबांना ताप होता, तेव्हा त्यांनी आपला धाकटा भाऊ पाठवला. तो ठेंगणा होता, म्हणून त्याला पाटावर उभं करावं लागलं.