गाळणीखालचं पाणी

“मग चार वर्षं मी इथं झक मारली का, सर?”

बोलून गेल्यावर अभिनंदन चौगुलेने जीभ चावली. पण बोलला ते बोललाच.

अत्तार सरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. परत घातला...

“बस,” ते म्हणाले.

“बसायला वेळ कुठाय, सर? शुक्रवारी प्रबंध विद्यापीठात पोचला नाही तर जर्मनीतली संशोधनाची जागा गेली. दोनदा मुदत वाढवून दिलीय त्यांनी. तिसऱ्यांदा कोण देतंय? तुमची एक सही हवीय. एक!”

प्रबंध सरांच्या पुढ्यातच पडला होता. अडीचशे पानं, काळी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. तीन आठवडे तो असाच पडून होता. त्यावर चहाची कपबशी ठेवत नव्हते, एवढेच सरांचे उपकार.

मिरजेतल्या त्या प्रयोगशाळेत अभिनंदनएवढा हुशार विद्यार्थी आजवर आला नव्हता, आणि ही गोष्ट सगळ्यांत आधी अभिनंदनलाच कळली होती. विषयही त्याने स्वतः निवडलेला. बिडी-तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडतात, बोटं काळी पडतात, शेवटी पाय कापावा लागतो. तर त्या वाहिनीच्या आत नेमकं बिघडतं काय? अकरा माणसांनी आपल्या कापलेल्या पायातला वाहिनीचा तुकडा यासाठी देऊन टाकला होता.

पेशीत आरएनए नावाचे धागे असतात. कोणतं प्रथिन बनवायचं त्याचा हजारभर अक्षरांचा निरोप ते नेतात. अभिनंदनने ते निरोप काढले, निरोगी वाहिनीतल्या निरोपांशी ताडून पाहिले. चार वर्षं पाहिले. फरक काही सापडेना. मग त्याने ठोकून दिलं, बिघाड वाहिनीत नाहीच, दुसरीकडे शोधा. अडीचशे पानांत हेच लिहिलं होतं.

“काय चुकलंय ते तरी सांगा ना!”

“दत्तू मोरबाळेचा तुकडा शिल्लक आहे?”

“अर्धा आहे. बाकी दहा जणांचे संपले.”

“माझ्यासमोर कर.”

“आत्ता?”

“आत्ता.”

अभिनंदनने कपाळावर हात मारून घेतला. पहिलीतल्या पोरासारखं पाढे म्हणून दाखव म्हणतायत! पण सही त्यांच्याच हातात. करतो काय?

दत्तू मोरबाळे निपाणीकडचा, उसाच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर. डावा पाय गेला होता, आता उजव्याचा अंगठा काळा पडायला लागला होता. गेल्या आठवड्यात तो कुबड्या टेकत तपासणीला आला आणि व्हरांड्यात त्याने अभिनंदनला गाठलं.

“डाक्टर, माझ्या पायातनं काय निघालं?”

“काही नाही निघालं, मामा.”

“काहीच न्हाई?” दत्तूने काखेतली कुबडी सावरली. “असं कसं? पाय तर गेला की वो.”

या माणसाला काय समजावणार? अभिनंदन घड्याळ बघत निघून गेला होता.

आता त्याने तोच तुकडा गोठवणीच्या कपाटातून काढला. तुकडा कुटला, विरघळवला. हात मात्र सफाईचा, त्याबद्दल कोणी बोट दाखवू नये. बोटाच्या पेराएवढ्या गाळणीत ते विरघळलेलं पाणी ओतलं, यंत्रात गरगर फिरवलं. धागे गाळणीला चिकटले, पाणी खालच्या नळीत उतरलं.

त्याने गाळणी अलगद बाजूला ठेवली आणि न बघताच ती खालची नळी कचऱ्याच्या बाटलीकडे कलती केली.

सरांनी त्याचं मनगट धरलं.

“काय करतोस?”

“कचरा टाकतोय.”

“दे इकडं.”

सरांनी एक नवी कोरी नळी उघडली. ते पाणी तिच्यात ओतलं. झाकण लावलं. वर नाव लिहिलं. दत्तात्रय मोरबाळे. नळी बर्फात खोचली आणि हात मांडीवर घेऊन स्वस्थ बसले.

अभिनंदनचं डोकं सणकलं.

“सर, त्यात काही नसतं! लांब धागे वर गाळणीला चिकटतात. खाली जातात ते बारके. वीस-बावीस अक्षरांचे तुकडे.”

“हां.”

“त्यांच्यापासून एकही प्रथिन बनत नाही.”

“हां.”

“हां काय, सर? ते काहीच बनवत नाहीत!”

“पहिल्या वर्षी मी तुला काय म्हटलं होतं?”

अभिनंदनला आठवलं. बारक्यांकडंही बघ, असं म्हणाले होते. आणि त्याच दुपारी त्याने कँटीनमध्ये सरांची हुबेहूब नक्कल करून दाखवली होती. टेबलभर पोरं हसली होती. ते आठवून त्याचे कान तापले, आणि त्यामुळे राग आणखीच चढला. हुशार माणसाचं असंच असतं. चूक दिसायला लागली की आवाज वाढतो.

“जो काही बनवतच नाही, तो काय बिघडवणार?”

सरांनी बर्फातली नळी आणखी जरा खोल खोचली.

“बोला ना, सर!”

“बरं, मग मीच बोलतो! तुम्ही स्वतः काय करता हो? पंधरा वर्षांत नळी हातात धरली नाहीत. आज धरलीत, तीही कचऱ्याची. एक शोधनिबंध लिहिला नाहीत. नुसते माझ्या कामावर बसून आहात! स्वतः काही करायचं नाही, आणि तुमच्यामुळं माझं सगळं...”

तो अडखळला.

“...माझं सगळं थांबलंय,” त्याने वाक्य पुरं केलं, पण आवाज खाली आला होता.

यंत्राचं झाकण अजून उघडंच होतं. त्याने हात लांब करून ते बंद केलं.

निरोपाच्या धाग्यावर असा एखादा बारका येऊन बसला की निरोप तिथंच अडकतो. धागा जागच्या जागी दिसतो, मोजला तर मोजणीत भरतो, पण प्रथिन काही बनत नाही. हे अभिनंदनला ठाऊक नव्हतं थोडंच? एमएस्सीला त्याने यावर चार पानं लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. फक्त स्वतःच्या प्रयोगात ते शोधावं असं त्या शहाण्याला कधी वाटलं नाही.

तो बर्फाकडे बघत राहिला. चार वर्षं याच हाताने, याच झटक्याने... किती वेळा?

“दहा जणांचं गेलं, सर.”

सरांनी नळीचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं.

“टाकलं मी. मोरीत ओतल्यासारखं टाकून दिलं... पाय दिले होते त्यांनी.”

त्याला रडू यायला लागलं, आणि त्याचीही त्याला चीड आली. या नळीत काही असेल, नसेल. एका माणसाच्या नळीवरून काय सिद्ध होणार? पुन्हा माणसं गाठायची, पुन्हा मागायचं, पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं तरी. आणि जर्मनी?

सरांनी खिशातून पेन काढलं. टोपण काढलं. प्रबंध पुढं ओढला आणि सहीचं पान उघडलं.

“इथंच ना?”

अभिनंदन चमकला. “काय?”

“सही. शुक्रवार आहे म्हणालास.”

पेनाचं टोक कागदाला टेकणार, एवढ्यात अभिनंदनने पानावर पालथा पंजा ठेवला.

“नको, सर.”

“बिघाड वाहिनीत नाही, असं लिहिलंयस. सुबक लिहिलंयस.”

“नको.”

“जागा जाईल.”

“जाऊ दे.”

“दोनदा मुदत दिलीय त्यांनी. तिसऱ्यांदा कोण...”

“अहो, नको म्हटलं ना!” अभिनंदन ओरडला. पंजा मात्र जागचा हलला नाही.

सरांनी पेनाला टोपण लावलं. आणि त्याच पेनाने त्या पंजावर हलकेच टकटक केलं.

“बघ,” ते म्हणाले, “आत्ता तू तरी कुठं काय बनवलंस?”