पुळणीवरचा हरबा

कोंडसुऱ्याच्या पुळणीवर एक वाकडा माणूस उभा आहे. वाहून आलेल्या ओंडक्याचं धड, मोडक्या वल्ह्यांचे हात, शिंपल्यांचे दात. पाठ समुद्राकडे, तोंड गावाकडे. पाहुणे देव समजून हात जोडू लागले की गावातले म्हातारे गोमाजी भोईर त्यांना अडवतात. "हात नका जोडू. तो हरबा हाय," म्हणतात, आणि तिथेच वाळूत बसून सांगू लागतात.

हरबा या गावचा तांडेल, होडीचा म्होरक्या. चांगुणाचा नवरा लखू त्याच्या होडीवर खलाशी होता. एकदा जाळं खडकात अडकलं. ते सोडवायला लखू कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. होडी परतली ती लखूशिवाय. लाटेनं नेला, असं हरबा म्हणाला. होडीवर असलेल्या हरबाच्या दोन भावांनी माना डोलावल्या आणि गावानं ते खरं मानलं.

आठव्या दिवशी भरतीनं तोच दोर किनाऱ्यावर आणून टाकला. तो चांगुणानं स्वतः वळलेला होता. दोर तुटला तर पेड लांब-आखूड सुटतात. या टोकाचे सारे पेड एका रेषेत होते. तिनं तो पंचांपुढे ठेवला. "ह्यो तुटलेला नाय, कापलेला हाय." पंच म्हणाले, दोराची साक्ष कोण मानणार? तांडेलाशी वैर घ्यायची कुणाची छाती नव्हती. चांगुणा रडली नाही. तिनं दोर उचलला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती ओहोटीला किनारा वेचू लागली, असं सांगतात. आधी ओंडका रोवला. हरबाचा डावा खांदा उतरलेला होता. तसा फाटा सापडायला तिला महिना लागला. त्याचा पुढचा दात पडलेला, म्हणून शिंपल्यांत एक जागा मोकळी ठेवली. उजव्या हातात गंजका कोयता दिला. लोक आधी हसले, मग त्या बाजूनं जाईनासे झाले. हरबानं दोनदा पुतळा मोडून समुद्रात फेकला. दोन्हीदा दर्यानं तुकडे चांगुणाच्या पायाशी आणून टाकले म्हणे. मग मात्र एकेक खलाशी हरबाच्या होडीवरून उतरला. पुन्हा कुणी चढलं नाही.

शेवटी हरबा भरगावात तिच्या पाया पडला. वारा उठला होता, होडी खडकावर आपटणार होती, म्हणून दोर मीच कापला, असं त्यानं कबूल केलं. "आता तरी ह्याला पाड, बाय."

"पाडायचा नाय," चांगुणा म्हणाली. "आता तूच सांभाळायचा."

पंचांनी मान खाली घालून तोच निवाडा दिला. त्यानंतर जन्मभर हरबा किनारा वेचून स्वतःच्याच पुतळ्याची डागडुजी करत राहिला. चांगुणा शेजारी बसून दोर वळायची. खांदा जरा सरळ लागला की म्हणायची, "वाकडा कर." तो वाकडा करायचा.

हरबा गेला तेव्हा त्याच्या मुलानं विचारलं, "आता पाडू?" चांगुणा तोवर पार म्हातारी झाली होती. ती म्हणाली, "लखू परत आला की पाड."

आजही नारळी पौर्णिमेनंतर पहिली होडी लोटण्याआधी प्रत्येक तांडेल किनाऱ्यावर सापडलेली एखादी वस्तू आपल्या हातानं हरबाला बांधतो. खलाशांच्या बायका जवळ उभ्या राहून ते हात बघत असतात. त्यांनी होकार दिल्याशिवाय एकही होडी पाण्यात जात नाही.