चुलीत गेलेला पीळ

एकदा एका विहिरीवर एक दोर तुटला. तो दादाने वळला होता की मी? हे मला आजवर कुणी सांगितलेले नाही.

आम्ही दोघे भाऊ माळावरच्या एका वृद्ध दोर वळणाऱ्याच्या हाताखाली शिकत होतो. सारे त्यांना आबा म्हणत. बांधावरच्या घायपाताची पाने कापायची, पाण्यात कुजवायची, बडवून आतला वाख, म्हणजे धागा, काढायचा आणि त्याचा दोर वळायचा. पानांच्या रसाने हातांना खाज सुटे. आबांचा नियम मात्र एकच.

"फुलोरा आलेल्या झाडाला कोयता लावायचा नाही. घायपात वर्षानुवर्षं रस साठवतं, जन्मात एकदाच फुलतं आणि मरतं. दांडा वर गेला की पानातलं बळ त्याच्यात जातं. पान दिसतं भरलेलं, पण वाख दगा देतो."

मी डावखुरा. माझा पीळ उलटा पडे. दादा हसून म्हणे, "डावऱ्या, तुझ्या दोराला बांधलेला बैल मागं मागं चालेल बघ!"

एकदा मोठ्या बाजाराला पंधरवडाच उरला आणि पाने कमी पडली. घाईघाईत मी दांडा आलेल्या झाडाची पाने कापली. त्यांचा एक दोर मी वळला आणि तो इतर दोरांबरोबर खुंटीवर गेला. मी कुणाला काही बोललो नाही. पुढे कुणी दोर नेला की तो माणूस दिसेनासा होईपर्यंत मी पाहत राही.

उन्हाळ्यात दादा गाळ काढायला विहिरीत उतरला, आणि दोर तुटला.

त्याला अंगणात आणून ठेवले. मी त्याच्याकडे नाही, दोराकडे धावलो. पीळ पाहिला की कळणार होते. पण आबांनी दोन्ही तुकडे उपरण्यात गुंडाळले आणि दादाच्या शेवटच्या अंघोळीचे पाणी तापत होते त्या चुलीत सारले.

"आबा, बघू द्या! उलटा होता का? सांगा ना!" मी त्यांचा हात धरला आणि त्या पानांचे सारे बोलून टाकले.

आबांनी चुलीतले लाकूड आणखी आत सारले.

"उलटा निघाला असता, तर तू पुन्हा वाखाला हात लावला नसतास. सुलटा निघाला असता, तर तुला हायसं वाटलं असतं, आणि त्याची लाज तुला जन्मभर पुरली असती. पानं तू चुकीची कापलीस, ते विसरू नकोस. पण माझ्या दारातून जाणारा प्रत्येक दोर मी ओढून पाहायचा असतो. या वर्षी एकही पाहिला नाही. हात थरथरतात, हे मीही कुणाला सांगितलं नाही."

मी चुलीपुढे बसून काटकीने राख उकरू लागलो.

"ऊठ," ते म्हणाले. "तिरडीला दोर लागेल."

मी वाखाचा एकेक धागा उन्हात धरून पाहिला. दोर वळून झाल्यावर तो लिंबाच्या फांदीला बांधला आणि सारा भार टाकून लोंबकळलो. मग आबांनी थरथरत्या हातांनी ओढला, आणि होकारार्थी मान हलवली.

त्या उलट्या पिळाच्या दोराने मी दादाला बांधले.