गवत वाढलं त्या वर्षी

जनावरं आपसात नाती लावून बोलत, त्या काळची गोष्ट. एका माळावर नीलगाईंचा कळप होता. सगळ्या मान खाली घालून चरायच्या आणि थोरली तेवढी मान वर करून राखण करायची. कळप फार वाढला म्हणून माणसांनी निम्म्या नीलगाई मारल्या. पहिली गोळी थोरलीलाच लागली, कारण कळपात तिचीच मान वर होती. उरलेल्यांना आता पोटभर मिळेल, असं माणसं म्हणाली. ते काही खोटं नव्हतं. गवत पोटाला लागेल एवढं वाढलं.

त्यानंतर व्यालेल्या काजळीचं दूध मात्र आटत चाललं. वासरू ढुशा देऊन थकलं.

"अगं, खा की. गवत काय चालत तोंडात येणार आहे?" तिची जाऊ म्हणाली.

"तुम्ही खा आधी, जाऊबाई. मी राखण करते."

"तू? थोरलीला जमलं नाही, ते तुला जमणार?"

"मग तुम्ही करा."

"माझ्यावर भरवसा आहे तुझा?"

बाकीच्यांसारख्या दोघीही त्या गवतात माना वर करून उपाशी उभ्या होत्या.

शेवटी वासराचे पाय लटपटले, तेव्हा काजळीने डोळे मिटून मान खाली घातली आणि पोट भरेपर्यंत चरली. पान्हा फुटला. वासरू आलं, एक घोट प्यायलं आणि मान वर करून माळाकडे बघत राहिलं. बंदुकीचा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता.

"पी रे बाळा," ती म्हणाली. "तिथे कुणी नाही."

"मग तुम्ही सगळ्या काय बघता?" वासराने विचारलं.