गोजराक्काची फांदी

फार वर्षांपूर्वी, उंबरखोऱ्यात मोजून तेरा घरं होती तेव्हाची ही गोष्ट. त्यातल्या एका घरात गोजरा आणि तिचा धाकटा भाऊ सिदू, अशी दोघंच राहत. गोजराला चालता येत नसे. सिदू सकाळी तिची खाट अंगणातल्या बागेत आणून ठेवी आणि ती दिवसभर पाखरं-फुलपाखरं बघत बसे. शिंजीर जास्वंदीत चोच बुडवायचा, तेव्हा ती श्वास रोखून धरायची. बुलबुल तिच्या खाटेच्या लाकडी गातावर येऊन भांडायचे, असं म्हणतात.

एका पावसाळ्यात तिला ताप भरला, तो उतरेच ना. वैद्यानं सिदूला बाजूला घेऊन सांगितलं, "दिवाळी बघितली तर नशीब."

सिदूनं विचारलं, "आक्का, भाऊबीजेला ओवाळणी काय घालू?"

"कढीलिंबाभोवती फिरतात ती माझी काळी फुलपाखरं दाखव. नाहीतरी तुझ्याकडं दुसरं आहे काय?"

सिदू जन्माचा उतावळा. बाग देखणी केली की फुलपाखरं येतील, म्हणून त्यानं दसऱ्याला सगळी बाग झाडली. कढीलिंबावरच्या हिरव्या अळ्या वेचून कोंबड्यांपुढं टाकल्या आणि मोठ्या तोऱ्यात बहिणीला सांगितलं.

गोजरानं कढीलिंबाच्या रिकाम्या फांद्यांकडं बघितलं. मग म्हणाली, "सिद्या, अळीचंच फुलपाखरू होतं रे. मी रोज बघायची. तुला सांगायचंच राहिलं."

सिदू टोपली घेऊन तसाच निघाला. नऊ गावं फिरला. दारोदार जाऊन कढीलिंबावरच्या अळ्या मागू लागला.

"भीक मागायची तर भाकरी तरी माग," लोक हसायचे.

एक म्हातारी म्हणाली, "सगळ्या ने बाबा, वर माझी सूनही ने."

सिदूला हसू आलं नाही. पानांसकट अळ्या आणून त्यानं झाडावर सोडल्या. कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या. बुलबुलांपुढं हात जोडून दिवसभर झाडाखाली उभा राहिला. अळ्यांचे कोश झाले.

भाऊबीजेच्या सकाळी गोजरानं खाटेवरूनच निरांजन ओवाळलं आणि तेवढ्यात झाडावरचे कोश आपसूक उकलले. नऊ गावांची फुलपाखरं एकदम उठली. अंगणात ऊन पडेना, आणि त्या दिवशी एकाही पाखरानं चोच उघडली नाही, असं म्हणतात.

"बघितलीस का, आक्का?"

"बघितली," ती म्हणाली. निरांजन विझायच्या आत ती गेली.

तिला उचललं तेव्हा ती पिसासारखी हलकी होती, असं म्हणतात. सिदूला मात्र ती जडच लागली.

आजही उंबरखोऱ्यात भाऊ ओवाळून घ्यायला पाटावर बसण्याआधी बहिणीच्या दारच्या कढीलिंबाच्या एका फांदीला लाल दोरा बांधतो. तिथल्या अळीला वर्षभर कुणी हात लावत नाही. फोडणी तडतडत असताना नव्या सुनेचा हात चुकून त्या फांदीकडं गेला, तर सासू चुलीपुढूनच सांगते, "ती नको गं, ती गोजराक्काची."