सुईने शिवलेलं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून घरी शिवलेल्या पिशव्या देणार, असं मी सगळ्यांना सांगून बसले होते. आणि निम्म्या पिशव्या व्हायच्या असतानाच मशीनचा पट्टा तुटला. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी सुईदोरा घेऊन बसले, तशी माझी लेक रेवती मांडीला टेकून म्हणाली, "गोष्ट सांग." खरं तर धीर मलाच हवा होता, म्हणून सांगितली.

फार पूर्वी शिवणाच्या डब्यातल्या वस्तू बोलायच्या. एकदा ऐन सणात मशीनबाई आजारी पडल्या.

"उरलेल्या पिशव्या मी शिवते," सुई म्हणाली.

"तू?" मशीनबाई म्हणाल्या. "अगं, तुझी शिवण नागमोडी! बायका पिशवी उलटी करून आतली शिवण बघतात. नाव माझं जाईल."

"वाकडी तर वाकडी. तिळगूळ आत राहिला म्हणजे झालं ना?"

दोघींचं वाजलं. शेवटी कात्री म्हणाली, "भांडता कशाला? भरून बघा की."

सुईने पिशवी शिवली, तिळगूळ भरला, उचलून हलवली. एक तीळ सांडला नाही. मशीनबाईंनीच पुढची पिशवी सुईकडे सरकवली.

गोष्ट मला तरी पटली. आता तात्पर्य विचारावं म्हणून मी वर पाहिलं, तर रेवतीने माझ्या तयार पिशवीत हलवा भरून ती उचलली होती. शिवणीतून एकेक दाणा फरशीवर पडत होता.

"आई," ती म्हणाली, "आपल्या सुईला सांग ना, टाके जवळजवळ घाल."