केतकीचे तीन ब्लाउज

घाटाखालच्या एका गावात हर्षदा नावाची एक बाई ब्लाउज शिवायची. हात सफाईदार होता, तरी दिलेला प्रत्येक ब्लाउज परत येणार असं तिला मनातून वाटत राहायचं.

गावाबाहेरच्या बंगल्यात एका मालिकेचं चित्रीकरण चाले. मालिकेला स्वतःचं नाव होतं, पण गाव तिला नायिकेच्या नावानं ‘केतकी’ असंच म्हणे. मालिकेच्या कपडेपटातला गिरीशदादा कधी उसवलेलं, कधी नवीन शिवायचं असं गाठोडं हर्षदाकडे टाकून जाई.

रोज साडेसातला हर्षदा आणि तिची सात वर्षांची मुक्ता केतकी बघायला बसत. जाहिराती लागल्या की मुक्ता विचारायची, “आता काय होईल गं?”

“तुला काय वाटतं?” हर्षदा म्हणायची.

मग मुक्ताची गाडी सुटायची. सासूच्या कपाटात आणखी एक सासू लपलेली असायची. केतकीचा हरवलेला भाऊ म्हणजे रोजचा दूधवालाच निघायचा. जाहिराती संपल्या तरी तिचं संपत नसे.

एकदा गाठोड्यात लाल शालूवरचा ब्लाउज आला. हर्षदा शेजारणींपाशी सहज बोलून गेली, “केतकीचं लग्न दिसतंय.” आठवड्यात लग्न लागलं. पुढे पोलिसाची खाकी पँट शिवण मारायला आली. “घरी पोलीस येणार,” हर्षदा म्हणाली. आले. बोलू नको असं गिरीशदादानं तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण शिवणाच्या गाठोड्यात कुणाला गोष्ट दिसेल हे त्याला सुचलंच नव्हतं.

गावात तिचा भाव वधारला. समोरची दीपाली फोनवर व्हिडिओ टाकायची. तिनं हर्षदाचे व्हिडिओ सुरू केले. लांबलांबच्या बायका खाली लिहू लागल्या, “वहिनी, पुढे काय?” जिला आपल्या काजांचाही भरवसा नव्हता, तिला हे फार गोड लागलं.

मग एके दिवशी हिरव्या कापडाचे, एकाच मापाचे तीन ब्लाउज शिवायला आले.

हर्षदाला एवढं माहीत झालं होतं, की कपडा खराब होणार असेल तर त्याचे दोन-तीन नग करून ठेवतात. एक कोरडा, एक भिजलेला, एक फाटलेला. आणि बंगल्यामागे विहीर होती. दीपाली फोन धरून उभी. ‘मला असं वाटतं’ हे शब्द हर्षदाच्या ओठांवर आले होते. पण नुसतं वाटणाऱ्या बाईचं कोण ऐकतं? ती म्हणाली, “केतकी विहिरीत पडणार. वाचत नाही.”

दोन दिवसांत ते जिकडेतिकडे झालं. ‘केतकीला मारू नका’ म्हणून शेकडो बायकांनी लिहिलं. शेजारच्या कमलकाकूंनी एकादशी नसताना उपास धरला.

आईनं हे सांगितलं त्या संध्याकाळी मुक्ता खूप रडली. दुसऱ्या दिवशी रडली नाही. टीव्हीकडे पाठ करून वहीला कव्हर घालत बसली. जाहिराती लागल्या. घरात कुणी काही विचारेना. शेवटी हर्षदानंच विचारलं, “आता काय होईल गं?”

“तुला माहीत आहे ना,” मुक्ता म्हणाली. “मग मी कशाला सांगू?”

जेवताना हर्षदानं सशाची गोष्ट सुरू केली. मुक्ता म्हणाली, “शेवट सांग फक्त.”

हर्षदा विचारात पडली. आपलं पोर आजारी आहे का, की आपणच काहीतरी बिघडवलं? ‘मूल प्रश्न विचारत नाही’ असं तिनं फोनवर शोधलं. चाळीस उत्तरं आली, पहिल्यापेक्षा पुढचं वाईट.

आणि बारा दिवसांनी तो प्रसंग आला. हिरवा ब्लाउज घालून केतकी विहिरीवर गेली. वाकली. पाणी शेंदलं, आणि कळशी घेऊन घरी आली.

केतकी जिवंत राहिली याचा गावाला थोडा रागच आला. पण दीपालीनं लगेच उलगडा केला. “वहिनींनी गुपित फोडलं, म्हणून त्यांनी गोष्ट बदलली.” सगळ्यांना ते पटलं. हर्षदाचा मान दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी गिरीशदादा आला तेव्हा तिनं विचारलं, “दादा, ते तीन ब्लाउज कशासाठी होते?”

“आमचा धोबी मेव्हण्याच्या लग्नाला गेला होता,” तो म्हणाला. “धुवायला कुणी नव्हतं.” आणि नवीन गाठोडं ठेवून निघून गेला.

त्यात शिवलेली नऊवार होती. तिला आतून, पाठीमागच्या बाजूला, एक खिसा लावायचा होता.

हर्षदानं खिसा नुसता टाचून पाहिला होता, तोच तासाभरात दीपाली आणि कमलकाकू हजर. मुक्ता कोपऱ्यात हुकांची डबी लावत बसली होती. दीपालीनं फोन सुरू केला. “नऊवारीला खिसा? वहिनी, यात विष ठेवणार ना ती?”

हर्षदानं तोंड उघडलं. हो म्हणणं फार सोपं होतं. चूक झाली तरी ती तिच्या अंगाला लागणार नव्हती, हे आता तिला कळलं होतं. तिनं कोपऱ्याकडे पाहिलं. मुक्ता मान वर करून तिच्याकडे बघतही नव्हती.

“मला माहीत नाही,” हर्षदा म्हणाली.

“असं कसं वहिनी? लोक वाट बघतायत.”

“बघू देत. मला विहिरीचंही माहीत नव्हतं. त्यांचा धोबी लग्नाला गेला होता, म्हणून तीन ब्लाउज. मी उगाच ठोकून दिलं.”

दीपालीनं फोन बंद केला. “हे काही टाकता येणार नाही,” ती म्हणाली.

कमलकाकू उठल्या. “आणि माझा उपास गं?”

“चुकलं काकू.”

“चुकलं म्हणे. साबुदाणा खाऊन खाऊन छातीत जळजळ झाली माझ्या.” त्या दीपालीच्या मागोमाग गेल्या. बाहेर दोघी काय बोलल्या ते हर्षदाला ऐकू आलं नाही, पण काय बोलल्या असतील ते सगळं तिनं मनात ऐकून घेतलं. तिनं सुईत दोरा ओवायला घेतला. तो दोनदा चुकला.

डबीचा आवाज थांबला. मुक्ता मशीनपाशी आली, नऊवारीच्या खिशात तिनं मनगटापर्यंत हात घातला.

“खिसा आतून आहे,” ती म्हणाली. “म्हणजे बाहेरच्यांना दिसायला नको.”

“असेल.”

“पण मागे का? तिचा स्वतःचा हात तिथं पुरणारच नाही.” मुक्तानं आपला हात पाठीमागे नेऊन पाहिला, फ्रॉक ओढून पाहिला, एका पायावर वाकून पाहिलं. “म्हणजे दुसरंच कुणीतरी त्यात काहीतरी ठेवणार. आणि तिला पत्ताच नसणार.”

हर्षदाचा पाय मशीनच्या पॅडलवरच राहिला. इतकी वर्षं शिवण करून हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

“कोण ठेवणार?” तिनं विचारलं, आणि तिला ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“थांब, मला विचार करू दे,” मुक्ता म्हणाली, आणि नऊवार डोक्यावरून पांघरून जमिनीवर बसली.

तात्पर्य एवढंच: ठाऊक नसलेलं ठासून सांगितलं, की ऐकणाऱ्याचं कुतूहल मरतं; ‘मला माहीत नाही’ असं मोकळेपणानं म्हटलं, की ते पुन्हा जागं होतं.